मध्ये एक रात्र जाऊ द्या!

रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. जेवण आटोपून मी ओट्यावर येऊन बसलो, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला.

‘‘मामा, उद्या सकाळी अकराच्या आत पन्नास हजार टाकून राहिलो. टोकन नाही दिलं तर गाडी हातची जाते. मुंबईची पार्टी तयार आहे.’’

कुठली गाडी, कोणाची गाडी, हे विचारायच्या आत मोबाइलवर फोटो येऊन पडले. लालभडक रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, छत मागे सरकणारी परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. मॉडेल २०१० चे. भाव साडेनऊ लाख. फोटोत गाडी अशी उभी होती, की साठीकडे झुकलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तरालाही क्षणभर वाटले, एकदा बसून पाहावे!

‘‘पैसे कुठून आणतोस?’’ मी विचारले.

पलीकडे जरा शांतता. मग हळूच, ‘‘एफडी मोडतो.’’

मी उठून उभा राहिलो. त्या एफडीला आमच्या घरात कोणी एफडी म्हणत नाही. तिला ‘वावर’ म्हणतात.

वावराचे पैसे

ताईचे सासर आमच्याच सिंदखेडराजा तालुक्यात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची आखणी झाली, त्यात त्यांचे अडीच एकर गेले. मोबदला आला. भाऊजींनी आधी सोसायटीचे कर्ज फेडले, घर बांधले आणि उरलेले पैसे बँकेत ठेवून दिले. ‘वावर गेलं, पण त्याचा कागद राहिला,’ असे ते म्हणत. २०२१ साली भाऊजी गेले. तेव्हापासून ताई त्या पावतीला हात लावायचा झाला तरी आधी देवापुढे ठेवते.

मोबदल्याच्या दिवसांत आमच्या भागात काय काय झाले, ते साखरखेर्ड्यात बसून मी पाहिले आहे. ज्यांनी पैशातून दुसरीकडे जमीन घेतली, विहीर खोदली, ते सावरले. ज्यांच्या दारात महिनाभरात कोरी करकरीत गाडी आली, त्यांच्यापैकी काहींच्या दारात आज गाडीही नाही आणि वावरही नाही. गाडी घेणे हा गुन्हा नव्हे. पण मोठा पैसा अचानक हातात आला, की तो माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हेही तेवढेच खरे.

भाच्याला मी ‘नको’ म्हटले नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हटले, की दुसऱ्या दिवशी टोकन गेलेच म्हणून समजा. मी म्हटले, ‘‘गाडी छान आहे. घे. पण मध्ये एक रात्र जाऊ दे. उद्या पैसे टाकू नको. आईला फोन करून सांग. आणि गाडी मला दाखव, मी मिस्त्रींना घेऊन येतो.’’

‘‘पण मामा, मुंबईची पार्टी...’’

‘‘मुंबईची पार्टी माझ्याही वेळी होती रे,’’ मी म्हटले. ‘‘फक्त तेव्हा ती जालन्याची होती.’’

जालन्याची पार्टी

ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. १९९३ सालची. मी नुकताच शाळेत लागलो होतो, वय अठ्ठावीस. घरच्या कापसाचे चुकारे मिळाले होते. वडिलांनी अकरा हजार माझ्याजवळ दिले आणि सांगितले, ‘‘चिखलीला जाऊन बी-खताच्या दुकानदाराचे देऊन ये.’’

चिखलीला एसटीतून उतरलो. समोरच्या टपरीजवळ एक मोटारसायकल उभी होती. काळीभोर, टाकी चकचकीत, हँडलला रंगीत गोंडे. तिच्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी. मी नुसता पाहत होतो. गाडीवाला म्हणाला, ‘‘गुरुजी, बसून तर पाहा.’’ बसलो. एक चक्कर मारून आलो. वाऱ्याने केस उडाले आणि डोक्यातला विचारही त्यांच्याबरोबर उडाला. तो म्हणाला, ‘‘दुपारी जालन्याची पार्टी येणार आहे.’’ अर्ध्या तासात वडिलांचे अकरा हजार त्याच्या खिशात आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात!

मेहकरच्या रस्त्यावर पोलिसांनी अडवले तेव्हा कळले, की कागदावरचा मालक तिसराच कोणी आहे आणि तो वारून दोन वर्षे झाली आहेत. मधल्या दोघांनी नाव चढवलेच नव्हते. ज्याने मला गाडी विकली, तो त्या टपरीवर पुन्हा दिसला नाही. सात महिने मी हेलपाटे घातले. शेवटी गाडी भंगाराच्या भावात गेली.

वडील एक शब्द बोलले नाहीत. बी-खताच्या दुकानदाराचे पैसे मात्र द्यायचे होतेच. त्या वर्षी पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या मारुतीच्या पाराकडे निघाल्या, तेव्हा आमच्या दारात एकच बैल उभा होता. आईने त्याला एकट्यालाच ओवाळले.

एवढे सांगून मी थांबलो. भाचा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, रविवारी या.’’

बैलाचे दात

वडिलांनी बैल घेताना मी लहानपणी अनेकदा पाहिले होते. त्यांना एका बाजारात बैल पसंत पडला, तरी त्याच बाजारात ते तो घेत नसत. आधी लांबून पाहायचे. बैल उभा असताना कसा दिसतो ते सगळे पाहतात. वडील तो चालताना मागून पाहत. मग तोंड उघडून दात मोजायचे. आदत, दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे, बैलाच्या तोंडातून समजून घ्यायचे. खूर पाहायचे, खांदा दाबून पाहायचा, जमिनीवर बसवून उठवायचा. शिंगे घासून तेल लावलेला बैल दिसला, की ते हसत आणि म्हणत, ‘‘शिंगांना औत जुंपायचं नसतं.’’ दलालाने रुमालाखाली हात धरून बोटे दाबली, की ते हात सोडवून घेत. ‘‘पुढच्या बाजारी पाहू.’’ पुढच्या बाजारी बैल असला, तर भाव उतरलेला असे. नसला, तर दुसरा असे.

हेच शहाणपण एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने फार वेगळ्या भाषेत मांडले आहे. तिकडे जुनी घेतलेली गाडी खराब निघाली, तर तिला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली या लिंबांच्या बाजारावर लेख लिहिला. म्हणणे साधेच. विकणाऱ्याला गाडीचे पोट ठाऊक असते, घेणाऱ्याला फक्त रंग दिसतो. गाडी चांगली की वाईट हे कळत नाही, म्हणून घेणारा मधला भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने विकतो. म्हणजे बाजारात लिंबेच वाढत जातात. हा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याच कामासाठी अकेरलॉफ यांना नोबेल मिळाले. आणि अमेरिकेत जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याने गाडीला हमी आहे की नाही, हे काचेवर कागद लावून सांगितलेच पाहिजे, असा नियम १९८५ पासून अमलात आला.

आपल्याकडे काचेवर असा कागद नसतो. म्हणून गाडीचे दात आपणच मोजायचे असतात. आणि त्याला वेळ लागतो. विकणारा गाडी लपवू शकत नाही. तो फक्त आपल्याला पाहायला वेळ देत नाही. घाई ही त्याच्या मालाचीच एक बाजू आहे.

हाताला लागलेली ऊब

रविवारी सकाळी आम्ही पुण्यात पोचलो. मी, भाचा आणि आमच्या बसस्टँडजवळ गॅरेज चालवणारे मिस्त्री. त्यांना जाण्यायेण्याचे भाडे आणि दिवसाची मजुरी मी ठरवून दिली होती. साडेनऊ लाखांच्या व्यवहारात हा खर्च जास्त वाटत असेल, तर तो व्यवहारच करू नये.

अकराची वेळ दिली होती, आम्ही नऊलाच गेलो. गाडी फोटोतल्यासारखीच सुंदर. भाच्याचा चेहरा मी पाहिला आणि मला १९९३ चा मीच दिसलो. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलेही नाही. बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘‘गरम आहे. आधीच चालू करून ठेवली व्हती.’’ तापलेले इंजिन आपले दुखणे सांगत नाही. थंड इंजिन सुरू करावे तेव्हा ते खरे बोलते. मिस्त्री म्हणाले, ‘‘आम्ही चहा घेऊन येतो.’’ तो चहा अडीच तास चालला.

परत येऊन गाडी सुरू केली, तेव्हा मागून निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा असता तर पेट्रोल जास्त जाते असे समजायचे; पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असण्याची शंका घ्यायची. मग मिस्त्रींनी दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटी बोटाने मोजल्या. डाव्या दाराची फट वर अरुंद, खाली रुंद. म्हणजे कधीतरी मार बसलेला. सीट पुढे सरकवून पट्टीवरचा गंज पाहिला, डिकीतला गालिचा उचलला. खाली वाळलेल्या चिखलाची रेघ. गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. मीटर अडतीस हजार किलोमीटर सांगत होता, पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत झालेले.

मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते फार थोडे लोक वाचतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीच्या दोन टायरांवर आकडे होते २३१६. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी शाबूत, पण रबर म्हातारे. समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम काढावी लागली होती. १ जुलै २०२३ च्या पहाटे आमच्याच तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, खासगी बस पेटून २५ माणसे गेली. वेग म्हणजे काय, हे आमच्या भागाला कोणी समजावून सांगायला नको.

शेवटी छत. बटण दाबले. छत अर्ध्यापर्यंत गेले आणि आकाशाकडे तोंड करून उभे राहिले. विकणारा हसून म्हणाला, ‘‘हे किरकोळ आहे.’’ मिस्त्री त्याच सुरात म्हणाले, ‘‘मग करून द्या ना!’’

भाव जुना होतो, सुटे भाग नाही

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुनी स्पोर्ट्स कार निम्म्या-पाव किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग पाव किमतीत मिळत नाहीत. साठ लाखांची गाडी साडेनऊ लाखांना मिळाली, तरी तिचा ब्रेक, तिचा क्लच, तिचे रुंद टायर, सगळे साठ लाखांच्या गाडीचेच असते. शिवाय अशी गाडी कोणी हळू चालवायला घेत नाही. आधीच्या मालकाने तिची हौस फेडून घेतलेली असते. तिची दुरुस्ती पुण्या-मुंबईत होते; मेहकरला नाही. तिचे पोट जमिनीपासून इतके खाली, की आमच्या गावातला पहिलाच गतिरोधक तिला पाटपाणी करून पाठवील. आणि सगळ्या ताकदीचे करायचे काय? ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरही मोटारीला मर्यादा ताशी १२० चीच.

गाडी बनवणे बंद झाले असेल, तर प्रश्न आणखी अवघड. गोव्यात तयार होणारी ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार १९९८ साली आली, तेव्हा वर्तमानपत्रातले तिचे चित्र मी शाळेच्या वाचनालयात पाहिले होते. फायबरची बॉडी, रेनोचे ११४९ सीसी इंजिन. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीची ‘अवंती’ २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी गर्दी करून पाहिली. दोन्ही गाड्या आता तयार होत नाहीत. हौशी माणसे त्या जपून ठेवतात, आणि जपावे असेच ते काम आहे. पण अशी गाडी घेणाऱ्याने आधी विचारावे, पुढची काच फुटली तर दुसरी कुठून आणू? उत्तर मिळाले, तर खुशाल घ्यावी.

कागदाला रंग देता येत नाही

आमच्या साखरखेर्ड्याची एक गोष्ट सांगतो. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. तीनशे वर्षे झाली. आज एसटीच्या पाटीवर साखरखेर्डा हेच नाव आहे. वरून काही चिकटवले, म्हणून आतले बदलत नाही. गाडीचेही तसेच, आणि आतले काय ते कागद सांगतो.

भाच्याच्या मोबाइलवर आम्ही परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला. विकणारा सांगत होता दुसरा मालक, नोंदीत तिसरा. विमा आठ महिन्यांपूर्वी संपलेला. कर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही. आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० च्या या गाडीची मुदत वर्षभरात संपणार होती. पुढे पाच पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची, तर आरटीओला गाडी दाखवून पास करून घ्यावी लागते. निळा धूर तिथे लपत नाही.

कोणतीही जुनी गाडी घेताना निदान एवढे पाहावे. इंजिन आणि चेसिसचा क्रमांक गाडीवर वाचावा आणि आरसी बुकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा. नाव बदलण्याचे नमुना २९ आणि ३० हे अर्ज आरसीवरच्याच मालकाच्या सहीचे हवेत, मधल्या दलालाच्या नव्हे. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला रोड टॅक्स. विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. गाडी दिली आणि नाव बदलले नाही, तर पुढच्या अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. माझ्या मोटारसायकलचा कागदोपत्री मालक वारला होता म्हणून सुटला, एवढेच!

ताईचे उत्तर

आम्ही हात जोडून निघालो. विकणारा मागून म्हणाला, ‘‘दोन वाजता मुंबईची पार्टी येतेय, मग म्हणू नका.’’ भाचा वळून पाहत होता. रस्ताभर बोलला नाही. मीही बोललो नाही. अशा वेळी ‘बघ, मी म्हटले होते ना’ असे म्हणणाऱ्या मामाचे तोंड भाच्यांनी पुन्हा पाहू नये.

गावी परतल्यावर ताईला सगळे सांगितले. मला वाटले, ती सुटकेचा श्वास टाकील. ती म्हणाली, ‘‘त्याच्या बापाचं वावर आहे ते, हे खरं. पण त्यालेही मन आहे ना दादा. बाप गेल्यापासून त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही.’’

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी दात मोजत बसलो होतो. आईने मुलाच्या मनात पाहिले होते.

मग आम्ही तिघांनी फोनवर बसून एक गोष्ट ठरवली. वावराला हात लावायचा नाही. त्याने पगारातून दरमहा वेगळे खाते करायचे, त्याचे नाव ‘लाल गाडी’. गाडी पसंत पडली, की आठ दिवस थांबायचे. आठव्या दिवशीही ती तितकीच आवडली, मिस्त्रींनी मान डोलावली, कागद जुळले आणि वर्षाच्या देखभालीचे पैसे खात्यात वेगळे असले, तर घ्यायची. मग मामा आडवा येणार नाही. उलट पहिली चक्कर मामाची!

तीन आठवड्यांनी भाच्याने एक फोटो पाठवला. तीच लाल गाडी, तीच जाहिरात. भाव चाळीस हजारांनी उतरलेला. मुंबईची पार्टी बहुधा अजून वाटेतच असावी.

त्याने अजून गाडी घेतलेली नाही. पूर्वी तो रोज फोटो पाठवायचा. आता आठवड्यातून एखादा प्रश्न पाठवतो. ‘मामा, टायर २०२२ चे आहेत, चालतील?’ ‘मामा, सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या एकाच गॅरेजच्या आहेत, चांगलं ना?’ मला काही सगळेच कळत नाही. मी बसस्टँडवर मिस्त्रींकडे जातो, विचारून येतो आणि कळवतो.

गेल्या पोळ्याला तो गावी आला होता. ताईच्या दारात आता बैल नाहीत, मातीची जोडी असते. तिने दोन्ही बैलांना कुंकू लावले. भाचा जवळच बसला होता. मी त्याला हळूच म्हटले, ‘‘जोडी पुरी आहे बघ.’’ तो काही बोलला नाही. मातीच्या बैलांची तोंडे जरा समोर वळवून त्याने ती सरळ केली.